तो गेला, एवढं तरी मोठ्याने सांगा

विनोदी मालिकांचे निर्माते, लेखक आणि वाहिन्यांचे कार्यक्रमप्रमुख यांना खुले पत्र

सप्रेम नमस्कार.

मी तुमच्या मालिका पाहते. माझे वडील त्या ऐकतात. काचबिंदूने अण्णांची नजर गेली त्याला आता दहा वर्षं झाली. समोर उजेड आहे की अंधार, एवढंच त्यांना कळतं. पण संध्याकाळची टीव्हीसमोरची खुर्ची त्यांनी सोडली नाही आणि त्याला कारण एक विनोदी मालिका होती. तिचं नाव मी इथे घेत नाही. घेतलं असतं तर बाकीच्यांनी हे आपल्यासाठी नाही असं म्हणून पत्र बाजूला ठेवलं असतं, आणि मला तर ते तुम्ही सगळ्यांनी वाचायला हवं आहे.

त्या मालिकेचा नायक घरात शिरण्याआधी दारातच खाकरायचा. दोनदा. तो खाकरला की अण्णा हसायला लागायचे, कारण आता आत काय गोंधळ उडणार हे त्यांना आधीच ठाऊक असायचं. त्याचं हसू आधी नाकातून यायचं, मग घशातून. चप्पल काढताना तो काहीतरी पुटपुटायचा. मला ते कधीच नीट ऐकू आलं नाही. अण्णांना दर वेळी यायचं आणि ते मला सांगायचे. अकरा वर्षं हे चाललं. त्यातली पहिली दोन अण्णांनी त्याला पाहिलं, पुढची नऊ नुसतं ऐकलं.

मागच्या वर्षी तो कलाकार मालिका सोडून गेला. का गेला ते मला माहीत नाही आणि मला ते विचारायचंही नाही. मानधनावरून बिनसलं असेल, प्रकृती साथ देत नसेल, एकच माणूस रोज उभा करून कंटाळा आला असेल. तो त्याचा आणि तुमचा मामला. मला बोलायचंय ते तो गेल्यानंतर पडद्यावर जे झालं त्याबद्दल.

आधी चार-पाच महिने तो कामासाठी बाहेरगावी होता. बायको फोन उचलायची. "हो… हो… अहो पण कधी येताय?… बरं." पलीकडे काय बोलणं चाललंय हे डोळस माणसाला तिच्या चेहऱ्यावरून समजत असेल. अण्णांच्या वाट्याला अर्धंच संभाषण यायचं. उरलेलं अर्धं ऐकू येईल म्हणून ते खुर्चीत पुढे सरकून बसायचे. मग एक दिवस पुढच्या भागाच्या जाहिरातीत दारात तेच खाकरणं ऐकू आलं. दोनदा. अण्णा ताठ बसले. दुसऱ्या दिवशी वेळेच्या आधी अर्धा तास खुर्चीत होते. भागात निघालं असं की शेजारचा एक इसम गंमत म्हणून त्याची नक्कल करत होता.

आणि मग एका सोमवारी नवा कलाकार आला. त्याच नावाने, त्याच कपड्यांत, तसाच दोनदा खाकरत. पडद्याच्या तळाशी काही सेकंद एक पट्टी धावली की आजपासून ही भूमिका अमुक करतील. मी ती वाचली. अण्णांनी विचारलं, "हा कोण?"

माझा भाऊ म्हणाला, "तोच आहे, घसा बसलाय त्याचा."

अण्णा थोडा वेळ ऐकत राहिले. मग म्हणाले, "घसा बसला तर हसू बदलत नाही."

आम्ही त्यांच्याशी खोटं बोललो. माझ्या भावाला ते आयत्या वेळी सुचलं, पण तशी वेळ आमच्यावर तुमच्यासारख्यांच्या एका निर्णयाने आणली. ते मला इतकं लागलं की अशा वेळी जगात इतरांनी काय काय केलं ते मी शोधून वाचलं, जमेल तिथे ते भाग पाहिले. पुढचं लिहिते आहे ते त्या जोरावर.

एक गोष्ट आधीच सांगते, म्हणजे गैरसमज नको. नायक गेला की मालिका बंद करा, असं माझं म्हणणं नाही. एका मालिकेवर प्रकाशयोजना, ध्वनी, रंगभूषा, वेशभूषा, संकलन, सेटवरची धावपळ करणारी मुलं, असे कितीतरी संसार चालतात. एक माणूस उठून गेला म्हणून बाकीच्यांनी घरी बसावं, हा न्याय नव्हे. शिवाय मालिका पुढे चालून चांगली होऊ शकते हे दिसलेलंच आहे. अमेरिकेतली 'चीअर्स' ही बारमधली मालिका १९८२ साली सुरू झाली ती सॅम आणि डायन यांच्या भांडणावर आणि प्रेमावर. १९८७ मध्ये डायनचं काम करणाऱ्या शेली लाँग पाच पर्वांनंतर बाहेर पडल्या. मालिका त्यानंतर आणखी सहा पर्वं चालली.

ती का चालली याकडे मात्र लक्ष द्या. त्यांनी दुसरी डायन आणली नाही. डायन आपली कादंबरी पूर्ण करायला म्हणून निघून गेली आणि ती परतणार नाही हे सॅमला मनातून कळलेलं आहे, हे प्रेक्षकांना दिसलं. पुढच्या पर्वात कर्स्टी ॲली आल्या त्या रिबेका नावाच्या वेगळ्याच बाईच्या भूमिकेत. तोवर सॅमने बार विकलेला होता आणि आता तिच्या हाताखाली तो काम मागायला आला होता. माणूस बदलला तशी घराची घडीही बदलली. म्हणून रिबेकाला कुणी डायनच्या मापाने मोजत बसलं नाही, निदान फार काळ नाही. आणि १९९३ मध्ये शेवटचा भाग आला तेव्हा शेली लाँग पाहुण्या म्हणून परत येऊ शकल्या. दार नीट लावून घेतलेलं असलं की ते पुन्हा उघडताही येतं.

आता माझ्या तक्रारी.

पहिली आणि सगळ्यात मोठी तक्रार न सांगण्याची आहे. घरातलं, कचेरीतलं, वाड्यातलं सगळ्यांत बोलकं माणूस एका दिवसात नाहीसं होतं आणि त्याची सख्खी माणसं जेवतात, भांडतात, विनोद करतात, जणू काही झालंच नाही. अमेरिकेत १९७४ साली सुरू झालेल्या 'चिको अँड द मॅन'ची गोष्ट तुम्हाला ठाऊक असेल. गॅरेज चालवणारा एक चिडका म्हातारा आणि त्याच्याकडे काम करणारा हसतमुख तरुण चिको. चिको साकारणारा फ्रेडी प्रिन्झ जानेवारी १९७७ मध्ये, अवघ्या २२ व्या वर्षी, गेला. वाहिनीने मालिका चालू ठेवली. म्हाताऱ्याच्या आयुष्यात राऊल नावाचा बारा वर्षांचा मुलगा आणला. आणि चिको? तो आपल्या वडिलांकडे मेक्सिकोत गेला आहे, असं सांगितलं गेलं. फ्रेडी प्रिन्झच्या मृत्यूची बातमी साऱ्या देशाने वाचलेली होती. ज्यांना सगळं माहीत होतं, त्यांनाच तो बाहेरगावी आहे म्हणून सांगितलं जात होतं.

पुढे त्यांनाही ते निभावता आलं नाही. १९७८ च्या सुरुवातीला दोन भागांची एक कथा आली. राऊलला चिकोच्या वस्तू सापडतात, त्यात एक गिटार असते. तो ती वाजवायला घेतो आणि म्हातारा संतापून ती फोडून टाकतो. मुलगा घर सोडून पळतो, आणि मग म्हाताऱ्याला चिको मेला आहे हे सांगावं लागतं. इतके दिवस दडवलेलं सगळं त्या गिटारीवर निघालं. हे वाचताना मला आमच्या अण्णांच्या पुढे सरकलेल्या खुर्चीची आठवण झाली. ती मालिका त्याच वर्षी संपली. पहिल्याच भागात हे सांगितलं असतं तर ती टिकली असती, असा दावा मी करणार नाही. पण त्या पोराला नायकाच्या जागी उभं करण्याआधी ती जागा रिकामी झाली आहे हे कबूल करायला हवं होतं, एवढं मला नक्की वाटतं.

तुम्ही म्हणाल, विनोदी मालिकेत मरण, विरह, निरोप कसा आणायचा? लोक हसायला येतात. याचं उत्तर २००३ साली देऊन झालं आहे. जॉन रिटर '८ सिंपल रूल्स' या मालिकेत बापाचं काम करत होते. ११ सप्टेंबरला सेटवरच त्यांना त्रास सुरू झाला आणि त्याच दिवशी ते गेले. मालिका थांबली. ४ नोव्हेंबरला ती परत आली तेव्हा पहिल्याच तासाभराच्या भागात बातमी आली: दूध आणायला गेलेला बाप दुकानात कोसळला आणि परत आलाच नाही. या भागाला प्रेक्षकांचा हशा नव्हता. पुढे त्या घरात आजी-आजोबा आले, बायकोचा एक भाचा आला. पण बाप म्हणून कुणाला आणलं नाही. हळूहळू विनोदही परत आला. मुलांना मधेच बापाची आठवण येते आणि मधेच ती एकमेकांवर खेकसतात, हे दुःख झालेल्या कुठल्याही घरात घडतं तसंच होतं. ती मालिका २००५ पर्यंत चालली.

लहान मुलांनाही हे सांगता येतं, मग आम्ही तर मोठी माणसं. 'सेसमी स्ट्रीट' काही विनोदी मालिका नव्हे, पण तिचं उदाहरण दिल्यावाचून मला राहवत नाही. तिथे दुकानदार मिस्टर हूपर यांचं काम करणारे विल ली १९८२ च्या डिसेंबरमध्ये वारले. दुसरा नट आणणं सोपं होतं, किंवा हूपर निवृत्त होऊन दूर राहायला गेले असंही म्हणता आलं असतं. त्यांनी जवळजवळ वर्षभर विचार केला आणि २४ नोव्हेंबर १९८३ च्या भागात पोरांना खरं सांगितलं. तो मोठा पिवळा पक्षी, बिग बर्ड, सगळ्यांची चित्रं काढून आणतो. मिस्टर हूपर यांचं चित्र हातात उरतं, तेव्हा तो म्हणतो की ते परत आले की त्यांना देईन. मोठी माणसं त्याला सांगतात की मेलेली माणसं परत येत नाहीत. ते सांगताना त्या कलाकारांचे डोळे भरून आलेले दिसतात. त्यांचाही तो सोबतीच होता ना.

म्हणून फोनच्या अर्ध्या संभाषणाला माझा विरोध आहे. ती एक युक्ती म्हणून चार-आठ दिवस चालेल. कलाकार आजारी आहे, रजेवर आहे, बोलणी चालू आहेत, तोवर ठीक. 'तारक मेहता का उल्टा चष्मा'मधल्या दयाचं उदाहरण आपल्या सगळ्यांच्या ओळखीचं आहे. २००८ पासून ते काम करणाऱ्या दिशा वकानी २०१७ मध्ये प्रसूतीच्या रजेवर गेल्या आणि नंतर कित्येक वर्षं ती भूमिका दुसऱ्या कुणाला दिली गेली नाही. या मोकळ्या जागेत त्या कलाकाराविषयीचा मान आहे, हे मला दिसतं. पण प्रेक्षक मात्र वर्षानुवर्षं दाराकडे बघत बसले, हेही तितकंच खरं. मान राखायचा आणि वाटही बघायला लावायची नाही, हे दोन्ही जमायला हवं. लेखकाची खरी परीक्षा तिथेच आहे.

दुसरी तक्रार नक्कल करायला लावण्याची.

एकाच भूमिकेत नवा कलाकार येणं मला मुळातच नामंजूर आहे असं नाही. 'बिविच्ड' ही १९६४ सालची मालिका घ्या. चेटकीण बायको आणि तिचा साधा नवरा डॅरिन. डिक यॉर्क यांना पाठीच्या जुन्या दुखण्याने १९६९ मध्ये काम सोडावं लागलं, त्यांच्या जागी डिक सार्जंट आले, नाव तेच, घर तेच, बायको तीच. एका अक्षराने खुलासा केला नाही. मालिका १९७२ पर्यंत चालली, पण आजही त्या मालिकेचा विषय निघाला की लोक आधी दोन डॅरिनांबद्दल बोलतात. आणि याचं कारण मला विनोदाच्या घडणीतच दिसतं. अशा मालिकेत नायक बहुतेक वेळा दोनपैकी एक असतो: शहाण्या घरातला वेडा किंवा वेड्या घरातला शहाणा. डॅरिन हा दुसऱ्या जातीचा. जादू कुणीही करो, ती पाहून ज्याचा चेहरा कसनुसा होतो तो तोच, आणि हसू त्या चेहऱ्यावर येतं. म्हणजे वाक्यं त्याची कमी असली तरी सगळ्यांचे विनोद येऊन पडायची भिंत तोच असतो. भिंत बदलली की चेंडू वेगळा उसळतो. नव्या माणसाला त्याची स्वतःची उसळी ठरवू द्यायला हवी. जुन्याच्या खुणा तशाच गिरवायला लावल्या, की तो कितीही गुणी असला तरी दर वाक्याला तुलनेत हरतो.

आमच्या मालिकेतला नवा कलाकार वाईट नाही. एका भागात त्याचा एक लांबलचक प्रसंग होता, वीज गेलेली आणि तो अंधारात किल्ली शोधतोय. तिथे जुनी लकब आणायला वाव नव्हता म्हणून असेल, तो अगदी मोकळा झाला. अण्णा त्या दिवशी हसले. मग दारात आला आणि दोनदा खाकरला, तसे गप्प झाले. त्या बिचाऱ्याला स्वतःचं खाकरणं का नाही देत तुम्ही? त्याला न खाकरता का नाही आत येऊ देत?

याच तक्रारीत आणखी एक भर घालते, कारण ती आता दाराशी येऊन ठेपली आहे. जुन्या ध्वनिमुद्रणांवरून माणसाचा आवाज यंत्राकडून तयार करून घेता येतो. गेलेल्या नायकाचा आवाज असा घडवून फोनच्या पलीकडे ठेवावा, असं उद्या कुणाला तरी सुचेल. कृपा करून ते करू नका. ज्यांच्यासाठी आवाज हाच माणूस आहे अशा अण्णांसारख्यांशी ती सरळ फसवणूक होईल. शिवाय तो आवाज त्या कलाकाराचा आहे. तो जिवंत असेल तर त्याच्या संमतीवाचून, आणि नसेल तर त्याच्या घरच्यांच्या संमतीवाचून, त्याला हात लावायचा अधिकार तुम्हाला नाही.

तिसरी तक्रार सूड उगवण्याची. कलाकाराशी भांडण झालं म्हणून पात्राला मारायचं, आणि मारतानाही त्याची शोभा करायची. 'टू अँड अ हाफ मेन'मधून चार्ली शीन यांना मार्च २०११ मध्ये काढलं गेलं. सप्टेंबरमध्ये नवं पर्व सुरू झालं ते त्यांच्या पात्राच्या अंत्यविधीने, आणि त्या अंत्यविधीला जमलेल्या बायका मेलेल्या माणसाचे वाभाडे काढत होत्या. तो भाग प्रचंड पाहिला गेला हे मला माहीत आहे. चार्ली शीन यांचं तेव्हाचं वागणंही जगजाहीर होतं आणि मी त्यांची वकिली करायला बसलेली नाही. पण आठ वर्षं ज्या माणसाच्या भानगडींवर तुम्ही आम्हाला हसवलं, त्याच्यावर शेवटी थुंकायला सांगितलंत, तर आम्ही आठ वर्षं कशावर हसत होतो? 'व्हॅलरी'चंही तसंच. मालिकेला नावच व्हॅलरी हार्पर यांचं. १९८७ मध्ये मानधनावरून वाद झाला, त्यांना काढलं, आईचं पात्र अपघातात मेल्याचं दाखवलं, सँडी डंकन यांना आत्या म्हणून आणलं आणि नाव बदलत बदलत 'द होगन फॅमिली' केलं. ती १९९१ पर्यंत चालली. व्हॅलरी हार्पर कोर्टात गेल्या आणि १९८८ मध्ये ज्युरीने त्यांच्या बाजूने कौल दिला. घरात तीन मुलं होती. त्या मुलांची आई कशामुळे गेली, याचं खरं उत्तर हिशेबाच्या वहीत होतं.

नाव बदलण्याबद्दल मात्र मी तुमच्या बाजूने बोलेन. ज्या मालिकेचं नावच नायकाचं आहे, तिथे नायक गेल्यावर नाव बदलणं हा प्रामाणिकपणा आहे. 'अँडी ग्रिफिथ शो'चे अँडी ग्रिफिथ १९६८ मध्ये बाजूला झाले तेव्हा त्याच गावातली, तीच बरीचशी माणसं घेऊन 'मेबेरी आर. एफ. डी.' नावाने मालिका पुढे नेली. नव्या मालिकेच्या पहिल्या भागात अँडीचं लग्न लागलं. त्याला असं हौसेने वाटेला लावून मग नवा नायक घराच्या मध्यभागी आला.

चौथी तक्रार लहान वाटेल, पण मला तीच रोज टोचते. बाकीच्या पात्रांना त्याची आठवण का येत नाही? 'मॅश' ही कोरियन युद्धातल्या लष्करी दवाखान्याची मालिका. तिच्यातले ट्रॅपर साकारणारे वेन रॉजर्स तिसऱ्या पर्वानंतर निरोपाचा भाग न करताच निघून गेले. लेखकांच्या हातात काहीच नव्हतं. मग त्यांनी त्या काहीच नसण्याचीच गोष्ट केली. हॉकआय रजेवरून परततो, दोस्ताची लष्करातून सुटका होऊन तो मायदेशी निघालाय असं कळतं, तो विमानतळाकडे धाव घेतो आणि थोडक्यात चुकामूक होते. चिठ्ठीसुद्धा नाही. त्या धावण्यात प्रेक्षकांचं सगळं वाईट वाटणं सामावलं, आणि त्याच विमानतळावर त्याला नवा सोबती भेटतो, बीजे. पुढे १९८३ साली मालिका संपली तेव्हा याच बीजेने डोंगरावर दगड मांडून निरोपाचा शब्द लिहिलेला असतो, हेलिकॉप्टरमधून वाचता येईल एवढा मोठा. आठ वर्षांपूर्वी न मिळालेला निरोप मला तरी त्या दगडांत दिसला.

'चीअर्स'मध्ये तर याहून साधं केलं. कोच नावाच्या म्हाताऱ्याचं काम करणारे निकोलस कोलासांतो १९८५ मध्ये वारले. त्यांच्या रंगभूषेच्या खोलीत जेरोनिमो या अपाची योद्ध्याचं एक चित्र असायचं. ते आणून बारच्या भिंतीवर लावलं. कुणी त्याबद्दल भाषण केलं नाही. १९९३ च्या अखेरच्या भागात बार रिकामा झाल्यावर सॅम जाताना ते चित्र सरळ करतो, एवढंच. आमच्या मालिकेत नायकाची छत्री अकरा वर्षं दाराच्या मागे टांगलेली होती. नवा कलाकार आला त्या आठवड्यात ती काढून टाकली, असं मी पाहिलं. अण्णांना ते मी सांगितलेलं नाही.

तुमच्या अडचणी मला कळत नाहीत असं नाही. रोजची मालिका असेल तर विचार करायला वेळच नसतो. करारात गोष्टी जाहीर न करण्याच्या अटी असतात. वाहिनी म्हणते तो परत येईल अशी आशा ठेवा, आकडे पडतील. पण कलाकार का गेला हे सांगा, असं मी म्हणतच नाही. पात्र कुठे गेलं, तेवढं सांगा. त्यावर कुठल्याही कराराचा पहारा नसतो. ते लेखकाच्या हातात असतं.

तर माझ्या मागण्या अशा आहेत.

नायक परत येणार नाही हे पक्कं झालं की त्यानंतर लिहिल्या जाणाऱ्या पहिल्याच भागात ते एखाद्या पात्राच्या तोंडून, ऐकू येईल असं, सांगा. एक वाक्य पुरे. तो परगावी स्थायिक झाला, त्याने संसार मोडला, तो वारला, जे काय असेल ते.

भूमिका दुसऱ्याला देणार असाल तर भागाच्या आधी आवाजात घोषणा करा, नव्या कलाकाराचं नाव आदराने घ्या आणि त्याला त्याच्या स्वतःच्या लकबी घेऊन येऊ द्या. नुसती पट्टी चालवू नका. न दिसणारे, वाचता न येणारे, स्वयंपाकघरातून ऐकणारे, असे आम्ही पुष्कळ आहोत.

तो खरोखर परतत नसेल तर त्याचं जुनं दृश्य, आवाज किंवा लकब जाहिरातीत वापरू नका. यंत्राने केलेला आवाज तर नाहीच नाही.

गेलेल्याशी तुमचं भांडण असेल तर ते तुमच्या कचेरीत मिटवा. पात्राला त्याची शिक्षा देऊ नका.

त्याच्या माणसांना त्याची आठवण येऊ द्या. रोज नको. वर्षातून दोनदा आली तरी चालेल.

आणि यातलं काही जमत नसेल, त्याच्यावाचून गोष्टच उरत नसेल, तर शेवटची तारीख ठरवा, आम्हाला सांगा आणि बंद करा. अकरा वर्षं वेळेवर येऊन बसणारा माणूस शेवटच्या दिवशीही वेळेवर येईल.

आमची मालिका अजून चालू आहे. अण्णा ठरल्या वेळी खुर्चीत येऊन बसतात, पण शीर्षकगीत संपलं की मला आवाज कमी करायला सांगतात. दारातलं ते खाकरणं होऊन गेलं की पुन्हा वाढवायला सांगतात. उद्या तुमच्यापैकी कुणी तो राहिलेला भाग लिहिला, ज्यात त्याची बायको किंवा शेजारी किंवा त्याचा मुलगा स्पष्ट शब्दांत म्हणेल की तो आता येणार नाही, तर त्याची तारीख आधी जाहीर करा. त्या दिवशी मी आवाज पहिल्यापासून मोठा ठेवीन.

आपली,
एक प्रेक्षक